अर्धी दाढी आणि अडीच स्टार

उजवा गाल साफ, डाव्या गालावर फेस, आणि या अवस्थेत पाऊण तास. गुन्हा एवढाच, की दुकानातल्या टीव्हीवर तळघरातल्या उघड्या मुठींच्या मारामारीचा डब केलेला सिनेमा लागला होता आणि मी, कोणी विचारलं नसताना, म्हणालो, "अडीच स्टार."

जळगावात न विचारता मत देणं हा गुन्हा नाही, जोडधंदा आहे. पण शेजारच्या खुर्चीत आप्पा होते. सत्तरीचे. मातीत घासून घासून कान कणकेच्या गोळ्यासारखे झालेले. तालमीतला माणूस आहे हे वेगळं सांगायला नको.

"अडीच कसाना?" आप्पा म्हणाले.

मी सांगितलं. पटकथा विस्कळीत, मधला भाग रेंगाळतो, संकलन बरं.

"ते ऱ्हाऊ दे. मारामारीना किती?"

"तिचे वेगळे नसतात, आप्पा. सगळं मिळून एकच आकडा."

"कुस्तीमां बी सगळं मिळीसन देतंस का? चित शे, नहीते नही शे."

इथे वस्तरा माझ्या गालावरून उचलला गेला तो गेलाच. कारागिराला दाढी थांबवायला निमित्त लागतं, आणि आप्पा हे निमित्त नव्हतं, यात्रा होती.

गळ्याभोवतीचं कापड तसंच ठेवून ते टीव्हीपाशी गेले आणि नायकाच्या मुठीवर बोट टेकवलं. "हाऊ गडी कपाळवर ठोसा मारस. ह्याना हात मोडाले पाहिजे."

बरोबर होतं, आणि त्याचाच मला राग आला. करंगळीमागचं तळहातातलं हाड बारीक असतं, कपाळ भक्कम. उघड्या मुठीनं डोक्यावर मारलं, तर आधी मोडतो मारणाऱ्याचा हात. डॉक्टर या मोडीला बॉक्सरच्याच नावानं ओळखतात. पुढे काही आठवडे हात प्लास्टरमध्ये. बॉक्सिंगच्या १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी ग्लोव्ह आणले, ते समोरच्याच्या तोंडाची दया येऊन आणले असं आपण समजतो. प्रत्यक्षात वाचली ती मारणाऱ्याची बोटं, आणि डोक्यावर बिनधास्त मारायची सोय झाली. त्याआधी मार अंगावर जास्त, आणि कोणी खाली पडला की फेरी संपली. म्हणून तर १८८९ मध्ये सुलिव्हन आणि किलरेन यांची उघड्या मुठींची लढत ७५ फेऱ्या, दोन तासांहून जास्त चालली. हे मी सगळं मोठ्यानं सांगितलं. ऐकत होता फक्त फेस.

"आनि दात लागना का मूठ पिकस," आप्पा म्हणाले. हेही खरंच. मुठीच्या सांध्यावर समोरच्याचा दात रुतला, की जखम दिसते तिळाएवढी, पण तोंडातली घाण थेट सांध्यात उतरते. एक-दोन दिवसांत हात भोपळा. आपला नायक मात्र तेवीस जणांचे दात पाडून दुसऱ्या दिवशी चहाच्या कपाचा कान दोन बोटांत धरत होता.

"पण आवाज कडक आहे ना, सर," कारागीर म्हणाला. वस्तरा हवेत.

मला वाटलं, आता माझी पाळी. सांगितलं, की खऱ्या ठोशाचा आवाज होतो 'थप्प' एवढाच, ओल्या गोणपाटावर मारल्यासारखा. पडद्यावरचा कडकडाट नंतर स्टुडिओत भरतात. कच्च्या मांसावर बुक्के मारतात, चामड्याचं जाकीट बडवतात, हाड मोडायचं असेल तर सेलरीची देठं पिळतात. मूठ तोंडाला लागतच नाही, वीतभर अंतरावरून जाते. कॅमेरा एकाच्या खांद्यामागे ठेवला की ते अंतर दिसत नाही. मार खाणाऱ्यानं मान योग्य क्षणी फिरवली, की झालं.

बाकावरच्या दोन पोरांनी लगेच करून पाहिलं. एकानं मूठ सोडली, दुसऱ्यानं मान फिरवली, आणि तिन्ही भिंतींवरच्या आरशांत तीन वेगवेगळ्या बाजूंनी ते वीतभर अंतर स्वच्छ दिसलं. आरशांच्या दुकानात खोटा ठोसा मारायला कॅमेऱ्यासाठी जागाच नसते. आप्पा जाम खूश. माझं व्याख्यान त्यांच्या खात्यावर जमा झालं.

एव्हाना माझा डावा गाल आवळायला लागला होता. साबणाचा फेस वाळला, की मऊ झालेले केस पुन्हा ताठ होतात, मग वस्तरा घसरत नाही, अडखळतो. हे कारागिराला माझ्यापेक्षा चांगलं माहीत. तरी तो आप्पांच्या तोंडाकडे बघत उभा.

"ऑनलाइन याला नव्वद टक्के आहेत," एका पोरानं मोबाइल पुढे केला. आता हे टक्के म्हणजे मार्क नव्हेत हे किती वेळा सांगायचं? परीक्षणं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाचा आकडा म्हणजे शंभरातल्या किती समीक्षकांनी 'बरा आहे' म्हटलं, एवढंच. भरीत पार्टीत दहा जणांनी 'खाण्यासारखं आहे' म्हटलं, की त्या भरिताला शंभर टक्के. वांगी भरितासाठी नावाजलेल्या बामणोदची होती की फ्रीजमधली, हे त्यात येत नाही. पोरगं म्हणालं, "म्हणजे नव्वदच ना."

शेवटी मी मोठं उदाहरण काढलं. 'फाइट क्लब', १९९९. खर्च ६ कोटी ३० लाख डॉलर, जगभरची तिकीटविक्री जेमतेम १० कोटी, आणि त्यातला मोठा वाटा थिएटरवाल्यांचा. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टनं चारपैकी दोन स्टार दिले. मग डीव्हीडी आली आणि तोच सिनेमा पोरांच्या डोक्यात बसला. बसला तोही उलटा. ज्या बुवाबाजीची त्यात टर उडवली आहे, त्याच बुवाचं, टायलरचं, पोस्टर आज जिमच्या भिंतीवर, खाली प्रोटीनच्या डब्याची किंमत. काही समीक्षकांनी सिनेमा नाकारला म्हणून मी त्यांच्यावर चिडायचो. डोक्यावर घेणारे प्रेक्षक पाहिल्यापासून कोणावर चिडावं हे कळेनासं झालं आहे.

वातावरण हलकं करायला चीनचा किस्सा सांगितला. जानेवारी २०२२ मध्ये तिथल्या टेन्सेंट व्हिडिओ या ऑनलाइन सेवेवर या सिनेमाचा शेवटच कापला. इमारती कोसळायच्या जागी काळा पडदा आणि त्यावर मजकूर: पोलिसांना कट कळला, सगळे गुन्हेगार पकडले, स्फोट टळला. टायलरची रवानगी मनोरुग्णालयात, २०१२ मध्ये सुटका. मी हसायला जागा सोडली.

कोणी हसलं नाही.

"हाई बेस करं," आप्पा गंभीरपणे म्हणाले. "पोलिस वखतवर उनात. कोना सिनेमामां येतंस?"

दुकानानं माना डोलावल्या. मी म्हणालो, लोकांनी आरडाओरडा केला, म्हणून पुढच्याच महिन्यात बराचसा कापलेला भाग परत जोडला.

"का बरं?" आप्पांना मनापासून वाईट वाटलं. चीनला त्यांच्याकडून पाच स्टार.

मग नवा फेस, नवं ब्लेड, आणि हनुवटीवर एक चीर, कारण कारागिराचं लक्ष अजून टीव्हीत. वर तुरटी. पैसे देताना वीस रुपये जास्त मागितले. "दोनदा फेस लागला ना, सर."

आप्पांची दाढी कधीच झाली होती. मी आलो तेव्हाच झाली होती. आणि त्यांच्याकडून पैसे घेत नाहीत.