पेनी पोस्टची गोष्ट सांगा, पण दर तरी बरोबर सांगा

टपाल तिकिटाच्या जन्माचा एक मजकूर सध्या हौसेने पुढे पाठवला जातो. एका गरीब मुलीने पैसे नाहीत म्हणून प्रियकराचे पत्र परत केले. कोऱ्या पत्रावरच्या खुणेतून तिला खुशाली आधीच कळली होती. ते पाहून ब्रिटनचे टपाल-सुधारक रोलंड हिल यांना कळवळा आला आणि त्यांनी १८४० साली तिकीट शोधले. तेव्हापासून ब्रिटिश साम्राज्यात कुठेही, कसलेही पत्र एका पेनीत जाऊ लागले, तिकिटाशिवाय पत्र स्वीकारणे बंद झाले आणि सरकारची तिजोरी भरली. एवढे सगळे त्यात आहे आणि यातले बहुतेक चूक आहे.

मुलीची गोष्ट आधी घेऊ. हा प्रसंग सांगितला जातो तो कवी कोलरिज यांच्या नावावर. त्यात प्रियकर नाही, बाईचा भाऊ आहे. पैसे चुकवायला लोक अशा खुणा करत, यात शंका नाही. पण हिल यांची सुधारणा कळवळ्यातून नव्हे, हिशेबातून आली आणि तो हिशेब या गोष्टीपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

जुना दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे. लंडनहून एडिंबराला एका कागदाचे पत्र पाठवायला एक शिलिंग (बारा पेनी) आणि वर दीड पेनी पडत, म्हणजे शेतमजुराची साधारण दिवसभराची मजुरी. दोन कागद असले की दुप्पट. पाकीटही कागदच धरले जाई, म्हणून लोक पत्राचाच कागद दुमडून लाखेने बंद करत. जागा वाचवायला लिहिलेल्या ओळींवरच कागद फिरवून आडवे लिहीत. पैसे बहुधा पत्र घेणारा भरे. आधी भरायला मनाई नव्हती, तशी रीत नव्हती एवढेच. खासदारांची पत्रे मात्र फुकट जात.

१८३७ च्या पुस्तिकेत हिल यांनी दाखवले की लंडन ते एडिंबरा एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च पेनीचा छत्तिसावा भाग आहे. पैसा जातो तो दुसरीकडेच: प्रत्येक पत्र उजेडासमोर धरून आतले कागद मोजा, दर लिहा, हिशेब ठेवा, मग दारोदार उभे राहून वसूल करा. अंतर हा खर्चाचा मुद्दाच नव्हता! म्हणून दर देशभर एक, तो वजनावर आणि पैसे आधी. माझ्या मते त्या शतकातल्या कारभारातला हा सर्वांत स्वच्छ विचार होता आणि त्याची जागा एका रडक्या गोष्टीने घ्यावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘कसलेही पत्र’ हेही खोटे. एका पेनीत अर्धा औंसच जाई, म्हणजे जेमतेम १४ ग्रॅम. ही मर्यादा १८७१ मध्ये एक औंस झाली आणि १८९७ मध्ये चार औंस.

तिकिटाची सक्ती? एक पेनीचा दर १० जानेवारी १८४० ला लागू झाला, तर पेनी ब्लॅक हे पहिले तिकीट वापरात आले ६ मे रोजी. मधले जवळजवळ चार महिने लोक रोख पैसे भरत होते. पुढेही बिनतिकिटाचे पत्र जाई, फक्त घेणाऱ्याकडून दुप्पट, म्हणजे दोन पेनी घेत.

तिजोरीचे तर उलटेच झाले. पत्रे वर्षभरात सुमारे ७.६ कोटींवरून १६.९ कोटींवर गेली, पण टपालखात्याचे निव्वळ उत्पन्न सुमारे १६ लाख पौंडांवरून ५ लाखांवर घसरले. ते भरून यायला दशके लागली.

राहिले साम्राज्य. १८४० चा दर फक्त ब्रिटन आणि आयर्लंडपुरता होता. साम्राज्यासाठी पेनीचा दर आला २५ डिसेंबर १८९८ ला आणि ऑस्ट्रेलियातल्या वसाहती व न्यूझीलंड तेव्हाही बाहेरच राहिले. आपल्याकडे देशांतर्गत एकच दर डलहौसींच्या काळात, १ ऑक्टोबर १८५४ पासून सुरू झाला: पाव तोळ्याला अर्धा आणा, पत्र मुंबईहून पुण्याला जावो की कलकत्त्याला. पाव तोळा म्हणजे तीन ग्रॅमही नाही.