‘वाचन आपोआप येतं’ हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी

नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, इथल्या पालकांच्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, मला तर ठाण्याच्या नातेवाइकांकडूनही तोच आला. ‘मुलांना वाचायला शिकवू नका, नुसतं वाचू द्या’ असं हेडिंग आहे आणि खाली मुद्दे. मूल बोलायला आपोआप शिकतं तसंच वाचायलाही शिकतं. मराठी आपण बोलतो तशीच लिहितो त्यामुळे वेगळं काही शिकवायला लागत नाही. दुकानांच्या पाट्या, बिस्किटाचे पुडे, चित्रांची पुस्तकं बघत, अंदाज करत वाचन येतं. अक्षरं-बाराखडी घेतली की गोडी मरते. फिनलंडमध्ये सातव्या वर्षापर्यंत शिकवत नाहीत म्हणून घाई नको. आणि शेवटी, वाचनावरचं सगळं संशोधन इंग्रजीचं आहे, आपल्याला ते लागू नाही.

मी घणसोलीत मराठी माध्यमाच्या पहिली-दुसरीला शिकवते. मेसेज लिहिणाऱ्याची कळकळ खरी वाटते, मुलांवरचा ताण कमी व्हावा असं मलाही वाटतं, पण यातलं बरंचसं चुकीचं आहे आणि या चुकीचा फटका बसतो तो ज्यांच्या घरी वाचता येणारं कोणी नाही अशा मुलांना. म्हणून एकेक मुद्दा घेते.

बोलायला येतं तसं वाचायला येतं का? नाही येत. बोलणं माणसाच्या अंगातच आहे, कुठलाही समाज घ्या, भाषा असतेच, पण लिपी नसलेल्या भाषा आजही ढिगाने आहेत, आणि लिपी ही गोष्टच मुळात पाचेक हजार वर्षांची. स्टॅनिस्लास देहान हे फ्रेंच मेंदूशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं यावरच काम करतायत, ते सांगतात की मेंदूत अक्षरांसाठी जन्मतः राखून ठेवलेली जागा नाहीये, चेहरे आणि वस्तू ओळखायच्या यंत्रणेतला डाव्या बाजूचा एक भाग शिकता शिकता अक्षरांच्या कामाला लागतो. आपल्याच देशात, लखनौजवळच्या खेड्यांत, निरक्षर मोठ्या माणसांना सहा महिने देवनागरी शिकवून त्याआधीचे आणि नंतरचे मेंदूचे स्कॅन तपासले गेले, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि शिकलेल्यांच्या मेंदूत बदल दिसले. आता बघा, आजूबाजूला देवनागरी तर कायमच होती की, पाट्यांवर, भिंतींवर, तरी ती वाचता आली नव्हती. ठाण्यात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, इतकी मोठी परंपरा, पण पुस्तकं जवळ असणं आणि पुस्तक वाचता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी गोष्ट कुणीतरी शिकवावी लागते.

‘मराठी बोलतो तशीच लिहितो’ हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो म्हणून यावर जरा थांबते. इंग्रजीच्या मानाने मराठी खूप सरळ आहे, मान्य. एकदा अक्षर कळलं की आवाज बहुतेक ठरलेला. पण ते ‘एकदा कळलं की’ किती मोठं आहे हे मोठ्यांच्या लक्षातच येत नाही कारण आपण ते कधीच विसरून गेलोय. इंग्रजीत २६ अक्षरं, लहान-मोठी धरून ५२. आपल्याकडे ३४ व्यंजनं धरली आणि बाराखडी लावली तरी ४०८ रूपं, आणि जोडाक्षरं अजून यायचीयेत. बंगळुरूच्या सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर बरीच वर्षं काम केलंय, कन्नडची घडण आपल्यासारखीच आहे, अक्षर म्हणजे पूर्ण स्वरासकट, आणि त्यांना दिसलं की सगळी रूपं पक्की व्हायला तिसरी-चौथी, कधी त्याच्याही पुढची वर्षं लागतात. म्हणजे पहिलीच्या दिवाळीपर्यंत बाराखडी उरकली असं जेव्हा कोणी सांगतं तेव्हा पाठ झालेली असते, वाचता येत असतेच असं नाही.

शिवाय खाचाखोचा आहेत. ‘विमान’ लिहिताना वेलांटी आधी काढायची पण तिचा आवाज ‘व’च्या नंतर यायचा, मूल डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे वाचत गेलं तर अडकणारच. हिंदी वाचकांवर ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये हेच तपासलं होतं, या पहिल्या वेलांटीच्या शब्दांना वाचायला वेळ जास्त लागतो. ‘चाक’मधला च आणि ‘चार’मधला च एकच अक्षर, आवाज दोन. ‘संत’, ‘अंबर’, ‘अंगण’, टिंब एकच आणि तिन्ही ठिकाणी आवाज वेगळा. ‘बदक’मधल्या क ला आपण अर्धवटच म्हणतो पण मूल सुटं वाचताना ब, द, क असं पूर्ण वाचतं आणि मग त्याला कळतच नाही की हे आपलं बदक आहे. र तर चार जागी चार वेषांत येतो, प्रकाश, ट्रक, सूर्य, दऱ्या.

आणि हे ‘आपण’ बोलतो म्हणजे नक्की कोण बोलतो? घणसोली, दिवाळे, गोठिवलीच्या आगरी-कोळी घरांत मूल ‘पानी’ म्हणतं, ‘डोला’ म्हणतं, पुस्तकात ‘पाणी’ आणि ‘डोळा’ येतं. तुर्भ्याकडच्या वस्त्यांत कुणाच्या घरी भोजपुरी, कुणाच्या घरी बंजारा बोली, कुणाची मराठवाड्याची मराठी. या मुलांची भाषा अजिबात चुकीची नाहीये आणि ती वर्गात हसण्यावारी नेणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पण ती जशी बोलतात तसं पुस्तकात लिहिलेलं नाही हे मान्य करून ण आणि ळ त्यांना वेगळे ऐकवून, बोलवून घेऊन, मग दाखवावे लागतात. आपोआप येणार म्हणून सोडून दिलं तर फायदा फक्त पुस्तकी मराठी बोलणाऱ्या घरातल्या मुलांचा होतो.

आता तो अंदाजाचा मुद्दा. पुडे आणि पाट्यांबद्दल एक जुना प्रयोग आहे, १९८४ चा, अमेरिकेतल्या लिनिया एहरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ओळखीचे लोगो झटकन ‘वाचणारी’ छोटी मुलं घेतली आणि पेप्सीच्या लोगोतलं पहिलं अक्षरच बदलून टाकलं, तरी बहुतेक मुलं ‘पेप्सी’च म्हणाली, काही बदललंय हेच त्यांना दिसलं नाही. ती रंग आणि आकार ओळखत होती, अक्षरं बघतच नव्हती. आपल्याकडे पार्ले-जीचा पुडा ओळखणारं मूल ‘पा’ दुसरीकडे दाखवला तर गप्प होतं ते यामुळेच.

चित्र बघून वाच, पुढे काय असेल त्याचा अंदाज कर, ही कल्पना केन गुडमन यांनी १९६७ मध्ये मांडली, वाचन म्हणजे अंदाजाचा खेळ आहे म्हणून, आणि ती जगभर गेली. पण पुढे कीथ स्टॅनोविच आणि इतरांनी तपासलं तेव्हा उलटंच निघालं, चांगले वाचणारे शब्द ओळखायला संदर्भावर कमी अवलंबून असतात, अंदाजाचा आधार जास्त घेतात ती न वाचता येणारी मुलं, कारण त्यांच्याकडे दुसरं काही नसतं.

वर्गात हे कसं दिसतं ते सांगते. दुसरीतला एक मुलगा, गोड, बोलका. पुस्तकाच्या पानावर चित्र आहे, आई खाली बसलीये, पुढ्यात मेथीची जुडी. खाली छापलंय ‘आई मेथी निवडते.’ त्याने बोट ठेवून खणखणीत आवाजात वाचलं, ‘आई भाजी कापते.’ अर्थ जुळतो, मेसेजवाल्यांच्या हिशोबाने शाबासकी. मी चित्रावर तळहात ठेवला आणि म्हटलं आता वाच. ‘आई’ म्हणाला आणि थांबला. मे वर बोट ठेवलं, म माहीत होता, मात्रा माहीत नव्हती. थी तर नाहीच. तीन शब्दांपैकी एक शब्द त्याने वाचला होता आणि बाकीचं चित्र बघून सांगितलं होतं, आणि वर्षभर तो असंच करत आला असणार कारण तो हुशार आहे, त्याला जमून जात होतं. चौथीत परिसर अभ्यासात ‘बाष्पीभवन’ आलं की कुठल्या चित्राकडे बघून तो अंदाज करणार? अशी मुलं तेव्हा अचानक ‘अभ्यासात मागे’ पडतात आणि घरी ओरडा बसतो, लक्ष देत नाही म्हणून.

त्याच्यासोबत काय केलं तर आधी नुसतं तोंडी. ‘मी तुटक बोलते, तू जोड. ब… स.’ ‘बस!’ ‘मे… थी.’ ‘मेथी!’ हे दोन मिनिटांचं काम, वही-पेन्सिल नको, एनएमएमटी बसच्या स्टॉपवर उभं राहूनही होतं. मग एकच मात्रा घेऊन ओळखीच्या अक्षरांना लावायची, मे, ने, ते, के, आणि लगेच त्यांचेच शब्द, मेण, नेम, केळ. असं पुढे पुढे.

‘बाराखडीने गोडी मरते’ यातलं अर्धं बरोबर आहे. महिनोन् महिने नुसतं गिरवणं, क का कि की सुरात म्हणणं आणि फळ्यावरचं उतरवून काढणं, याने मरतेच. पण त्यावर उपाय अक्षरं न शिकवणं हा नाही, अक्षरं अशी शिकवायची की मूल दुसऱ्या आठवड्यात काहीतरी खरं वाचेल. जुन्या बालभारतीतलं ‘कमल नमन कर’ आठवतंय ना, काना नाही मात्रा नाही, जी अक्षरं शिकवली तेवढ्यातच बसवलेलं वाक्य. हल्ली डिकोडेबल टेक्स्ट म्हणून जे महागड्या किटमध्ये मिळतं ते हेच. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि वाडा तालुक्यात सोनाळ्याला नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट संस्थेने मराठीसाठी यावर कितीतरी काम केलंय, ते आपल्याच महाराष्ट्रात आहे आणि आपण फिनलंडचं सांगतोय.

याच वाड्यात, तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता, नंतर पालघरमध्ये गेला, मराठी मुलांचा आणि कर्नाटकात यादगीरला कन्नड मुलांचा तीन वर्षं सलग अभ्यास झाला, शैलजा मेनन आणि त्यांच्या टीमचा, २०१७ मध्ये अहवाल आला. त्यात दिसलं की वर्गातला वेळ लिपीवर आणि उतरवून काढण्यावर जातो, अर्थावर, गप्पांवर, गोष्टींवर फार कमी, आणि तरीही पुष्कळ मुलांना धड लिपीही येत नाही. म्हणजे आत्ता चाललंय ते बरोबर आहे असं मी म्हणतच नाहीये. गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये एक साधं समीकरण मांडलं, वाचून समजणं म्हणजे अक्षरांवरून शब्द काढता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हीतलं एक शून्य असेल तर उत्तर शून्य. गोष्टी भरपूर ऐकल्या पण अक्षरं येत नाहीत, शून्य. बाराखडी तोंडपाठ पण ‘निवडणे’ म्हणजे काय ते माहीत नाही, तरीही शून्य. मेसेज म्हणतो एक निवडा, आणि माझं सगळं भांडण त्याच्याशीच आहे. रोज गोष्ट वाचून दाखवा, त्यावर बोला, मुलांना त्यांच्या बोलीत बोलू द्या, आणि रोज वीस-पंचवीस मिनिटं आवाज-अक्षरांचं काम ठरलेल्या क्रमाने करा. दोन्ही.

फिनलंडचं थोडक्यात. शाळा सातव्या वर्षी सुरू होते हे खरं, पण त्याआधीचं पूर्वप्राथमिक वर्ष असतं, बरीच मुलं शाळेत येतानाच थोडंफार वाचत असतात, आणि शाळेत गेल्यावर आवाज-अक्षर-अक्षरगट असं अगदी क्रमाने शिकवतात. फिनिश लिपीही मराठीपेक्षा कितीतरी छोटी आणि सरळ. ‘काही शिकवत नाहीत’ हे कुठून आलं कळत नाही.

‘थांबा, येईल’ हे मात्र मला सगळ्यात जास्त भीतीदायक वाटतं. कॉनी जुएल यांनी ५४ मुलांना पहिलीपासून चौथीपर्यंत पाहिलं, १९८८ चा अभ्यास, पहिलीच्या शेवटी वाचनात मागे असलेलं मूल चौथीच्या शेवटीही मागेच असण्याची शक्यता ०.८८, म्हणजे शंभरात ८८, निघाली. अभ्यास छोटा आणि अमेरिकेतला आहे, पण आपल्याकडचं चित्रही काही वेगळं नाही, मुलांना वाचता येतं का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ या सर्वेक्षणात २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्केच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती आणि पाचवीतही ४८.८ टक्के. असर शहरात होत नाही त्यामुळे नवी मुंबईचा आकडा त्यात नाही, पण आमच्या वर्गात बरीच मुलं गावाकडूनच येतात, कित्येक तर वर्षाच्या मध्यात. हे ‘येईल’ म्हणून आलं असतं तर पाचवीपर्यंत आलं असतं ना. आणि थांबायचं ज्याला परवडतं त्याच्या घरी आई रात्री शेजारी बसून वाचून घेते किंवा ट्यूशन असते. ज्याची आई पहाटे धुणीभांड्याला निघते त्याच्यासाठी वर्गातले ते चार-पाच तास हेच सगळं असतं.

संशोधन इंग्रजीचं, हा शेवटचा मुद्दा, त्याला उत्तर वरतीच आलंय, कन्नड, हिंदी, मराठी, वाडा, लखनौ. इंग्रजीतलं जसंच्या तसं उचलू नये हे मात्र खरंच आहे, ‘क फॉर कमळ’ची फ्लॅशकार्डं म्हणजे फोनिक्स, म्हणजे आवाज-अक्षरांची जोडी लावून शिकवणं, असं समजून विकणारे पुष्कळ आहेत, त्यांच्यापासून लांब राहा.

आता जूनमध्ये पालकसभा होईल तेव्हा मेसेज दाखवण्यापेक्षा बाईंना हे विचारा: या महिन्यात कोणती अक्षरं आणि कोणती मात्रा घेतली, त्यातून बनणारं वाचायला काय दिलं, रोज गोष्ट वाचून दाखवता का, आणि जो मागे राहतोय त्याला वेगळा वेळ कधी मिळतो. बाईंकडे साठ मुलांचा वर्ग आणि वर ऑनलाइन माहिती भरायचं काम असेल तर तेही कळेल, मग त्याबद्दल मुख्याध्यापकांशी बोला. घरी तपासायचं असेल तर मुलाने पाठ केलेलं पुस्तक घेऊ नका. कागदावर ‘मेण’, ‘विमान’, ‘पाणी’ आणि मग ‘टेमा’, ‘किरा’ असे अर्थ नसलेले दोन शब्द लिहा आणि वाचायला सांगा. अर्थ नसलेले शब्द पाठ असू शकत नाहीत आणि चित्रातही सापडत नाहीत. दुसरीच्या दिवाळीनंतरही ते वाचता येत नसतील तर त्याच आठवड्यात शाळेत जाऊन बोला.