अस्सल जातीचं कुत्रं घेऊ पाहणाऱ्यास

कुत्रं घ्यायचं म्हटलं की आधी रंग पक्का करा. जात नंतर बघता येते, आणि दिवसभर त्याला सांभाळणार कोण हा प्रश्न पिल्लू घरात आलं की आपोआप सुटतो. सुरुवातीला ज्याने "मुळीच नको" म्हणून पाय आपटलेले असतात, तोच पुढची बारा वर्षं भल्या पहाटे पट्टा हातात घेऊन बाहेर पडतो.

रंगापुढे ‘रेअर’ असं लिहिलेलं दिसलं की डोळे झाकून पुढे व्हा. मर्ल घ्या. फिक्या अंगावर गडद ढग विखुरल्यासारखा हा रंग. मर्लला जोडीदारही मर्लच दिला, तर सरासरी चारांतल्या एका पिल्लाला मर्लचं जनुक दोन्हीकडून मिळतं. असं पिल्लू बहुतेक पांढरं, पुष्कळदा बहिरं, कधी आंधळंही निघतं. पण फोटोत तेच सगळ्यांत उठून दिसतं, आणि फोटोला हाक मारून बघायची वेळ कुणावर येत नाही.

आता विकणारा. काही ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारे, फार विचित्र असतात, त्यांच्यापासून लांब राहा. पैसे तुम्ही देणार आणि प्रश्न ते विचारणार! घरी कोण असतं, आधीचं कुत्रं कशाने गेलं, बाहेरगावी गेलात तर याचं काय करणार. वर पुन्हा "सध्या पिल्लं नाहीत, पुढच्या वेतासाठी नाव लिहून ठेवतो." याच्या उलट, ज्याच्याकडे डझनभर जातींपैकी कुठलीही, नर म्हणाल तर नर, मादी म्हणाल तर मादी, उद्या सकाळी गाडीत घालून मिळते, तो खरा प्राणिप्रेमी. त्याच्याकडे "पिल्लाची आई दाखवा" असा हट्ट धरू नका. आई नेहमी फार्मवर असते. चुकून दिसलीच तर लोंबलेले सड, पाठीवर विरळ झालेले केस, आणि दार उघडल्यावर पुढे यायच्या ऐवजी भिंतीला चिकटत मागे सरकणं, हे बघावं लागतं. खरेदीचा सगळा आनंद जातो. ‘खाण तशी माती’ ही म्हण सोयरीक जुळवताना ठीक आहे, पिल्लू घेताना तिची आठवण कशाला? इंग्लंडमध्ये लूसी नावाच्या, कॅव्हेलियर या छोट्या स्पॅनियल जातीच्या एका मादीवरून कायदाच झाला. पिल्लांच्या कारखान्यातून तिला सोडवलं होतं. २०२० पासून तिथे सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू मधल्या व्यापाऱ्यामार्फत विकता येत नाही. गिऱ्हाइकाला आईपर्यंत जाण्याची केवढी ही शिक्षा!

पिल्लू पाच आठवड्यांचं असतानाच उचला. आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहिलं तर चावताना किती जोर लावायचा, हे ते तिथेच शिकून येतं. मग तुमच्या बोटांना काय काम उरणार?

जातीच्या नोंदीचे कागद मात्र हवेतच. त्यावर पणजोबापर्यंतची नावं असतात, चॅम्पियन असतील तर लाल शाईत. त्या पणजोबाचे खुबे कसे होते, डोळे किती वर्षं टिकले, हृदय कधी थांबलं, असला अभद्र मजकूर नसला तरी चौकशी करू नका. ब्रिटिश पद्धतीत खुब्याच्या एक्स-रेला गुण देतात, एकेका खुब्याला शून्य ते ५३, दोन्ही मिळून १०६, आणि जितके कमी तितकं चांगलं. ज्या परीक्षेत शून्य मिळवणारा पहिला येतो, ती आपल्यासारख्यांनी मनावर घेऊ नये. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड घेताना विकणारा "व्हेटने चेक केलंय" म्हणतो, तेवढं पुरे. व्हेटने ताप बघून लस टोचलेली असते, खोटं कुठे आहे त्यात?

बापाचं आणि आजोबाचं नाव एकच दिसलं तर दचकू नका, लाइन, म्हणजे वंशावळ, पक्की आहे असं समजा. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारं लंडनचं केनेल क्लब १८७३ चं. आई-मुलगा, बाप-मुलगी आणि सख्खी भावंडं यांच्या पिल्लांची सर्रास होणारी नोंद त्यांनी थांबवली २००९ मध्ये. एवढ्या मोठ्या संस्थेला विचार करायला सव्वाशेच्या वर वर्षं लागली, तर तुम्ही एका रविवारात का करावा? डाल्मेशियनचंच बघा. या जातीच्या लघवीत युरिक ॲसिड इतकं की मुतखडे व्हायचे, आणि शुद्ध रक्ताच्या एकाही डाल्मेशियनकडे निरोगी जनुक शिल्लक नव्हतं. अमेरिकेत एका जनुकशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये फक्त एकदा पॉइंटरशी संकर केला आणि पुढे पिढ्यानुपिढ्या डाल्मेशियनच जोडत नेले. ठिपके तेच, डौल तोच, दोष गेला. तरीही या कुत्र्यांना तिथल्या नोंदवहीत कायमची जागा मिळायला २०११ उजाडलं. शुद्धतेपुढे मुतखडा काय चीज आहे! (शुद्ध रक्ताची हौस कुत्र्याला असते की माणसाला, हा वाद इथे नको.)

पण अगदीच पहिलटकर असाल तर चपट्या तोंडाचं घ्या, पग किंवा बुलडॉग. जाहिरातीत ‘पंच फेस’ म्हणतात ते. पिढ्यानुपिढ्या निवडून कवटी आखूड केली, पण जीभ आणि टाळूचा मऊ भाग काही त्या मानाने आखूड झाला नाही. तो सगळा ऐवज तेवढ्याशा जागेत कोंबलेला, आणि नाकपुड्या म्हणजे दोन चिरा. कुत्र्याला अंग गार करायला धापा टाकण्यावाचून फारसा उपाय नाही आणि याला तेच धड जमत नाही, त्यामुळे उन्हात चार पावलं चाललं की बसकण मारतं. तुम्ही त्याला ‘आळशी गं बाई’ म्हणा. रात्री ते हनुवटी सोफ्याच्या कडेवर उंच टेकवून झोपेल, किंवा तोंडात खेळणं धरून. श्वासाची वाट उघडी राहावी म्हणून त्याने शोधलेली ही युक्ती आहे, पण तुम्ही व्हिडिओ काढा. घोरण्याचा आवाज नीट टिपला जाईल असा मोबाइल धरा, लाइक त्यालाच पडतात. बुलडॉगचं डोकं एवढं मोठं आणि मादीची कंबर एवढी अरुंद की बहुतेक बाळंतपणं सिझेरियननेच होतात. सर्जनशिवाय जी जात पुढच्या पिढीत पोचत नाही, ती महागच असणार. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कॅव्हेलियरची पैदास प्राणीकल्याण कायद्याच्या विरोधात ठरवली. असल्या बातम्या वाचत बसलात तर पिल्लू घेऊन होणार नाही.

पिल्लू मादी असेल तर तिला ‘एकदा तरी’ आई होऊ द्या. यामागे वैद्यकीय कारण काहीही नाही, पण सांगणारे इतके आहेत की मोडवत नाही. दोन वर्षांची होऊ द्या, खुब्यांचा एक्स-रे काढा, डीएनए तपासा, असं कुणी सांगेल. तोवर दोन-तीन माज फुकट जातात! नर ओळखीतलाच बघा, तोही त्याच जातीचा आणि तोही न तपासलेला. ६३ दिवसांच्या आसपास, बरोबर मध्यरात्री, तिचं अंगाचं तापमान उतरेल, ती चादर कुरतडू लागेल, आणि तुम्ही मोबाइलवर ‘कुत्री बाळंत होताना काय करावे’ शोधाल. नऊ पिल्लं होतील. दूध सात जणांना पुरेल. उरलेल्या दोघांना दर दोन तासांनी ड्रॉपरने पाजायचं. "आमच्यासाठी एक ठेव हं" म्हणणारे सगळे नातेवाईक त्याच महिन्यात घर बदलणार असतात.

एवढं करूनही कुत्रं जड झालं तर? ते विचित्र ब्रीडर करारात लिहून घेतात, कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने, कुत्रं परत आमच्याकडेच आणायचं. तुमच्या विक्रेत्याचा फोन तोवर बंद झालेला असेल, म्हणजे ही कटकट नाही. सरळ जाहिरात द्या. कारण ‘मुलाला ॲलर्जी’. खुबे दुखतात, औषधं चालू आहेत, एकटं राहिलं की दार ओरबाडतं, हे लिहायची गरज नाही. ‘पेपर्ससहित’ तेवढं ठळक अक्षरात टाका. संध्याकाळच्या आत फोन येईल, आणि समोरचा पहिलाच प्रश्न विचारेल तो रंगाचा.