२०० आलं, पण मेलबॉक्स कुठाय?

होस्टिंगच्या कंट्रोल पॅनलच्या एपीआयने, स्क्रिप्टमधून पॅनलला हुकूम देऊन, मेलबॉक्स बनवायचा म्हटलं की डोकं उठतं. रिक्वेस्ट पाठवली, उत्तर आलं २००, वेबच्या भाषेत ‘सगळं ठीक’. म्हणजे काम झालं? छे! उत्तराच्या आतल्या जेसन मजकुरात स्टेटस शून्य, म्हणजे काम फसलं, आणि एररच्या नावाखाली एक मोघम ओळ. पासवर्ड कच्चा आहे, कोटा संपलाय की डोमेनच त्या खात्यात नाही, काही म्हणता काही कळत नाही. अरे, मग चूक सांगणारे ४०० पासूनचे कोड ठेवलेत कशाला? २०२२ च्या आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या मानकात ४२२ सुद्धा दिलाय, ‘रिक्वेस्ट कळली, पण आतला मजकूर चालत नाही’ असं सांगणारा. स्क्रिप्ट २०० बघून पुढे जाते, आणि सोमवारी रुजू झालेल्या माणसाला मेलच नाही. बोलणी आम्ही खायची.

त्याहून संताप आणतं ते अधिकचं चिन्ह. पासवर्डमधलं + हे %2B असं एन्कोड न होता गेलं की वेब फॉर्मच्या नियमाने त्याची मोकळी जागा होते. पॅनल ती गपगुमान गिळतं, मेलबॉक्स बनतो, यशाचा निरोप येतो, आणि मेल उघडून देणारं आयमॅप लॉगिन नाकारतं. तोच पासवर्ड पॅनलमध्ये हाताने टाकला की सगळं सुरळीत! मग बसा लॉग चाळत. नेमकं काय खटकलं ते एका ओळीत सांगायला यांना एवढं जड का जातं?