खालचा खण आणि कांद्याचा भाव

दिवाळीच्या आधी आमच्या घरात साफसफाईचं जे सत्र चालतं त्यात यंदा माझा नंबर लागला, म्हणजे माझ्या टेबलाच्या खालच्या खणाचा. बायको म्हणाली, "हा खण आज रिकामा झाला नाही तर मी तो तुझ्यासकट भंगारात देईन." खणात ३४ मोबाईल, त्यातले २९ बंद, आणि वर चार्जरच्या वायरींचा गुंता. नोकियाची जाड पिन, नोकियाची बारीक पिन, मग ती छोटी चपटी, मग तिच्याहून चपटी जी नेहमी उलटीच लागते, आणि सगळ्यात वर टाईप सी. तिला हा कचरा वाटतो, मला ही माझ्या स्टार्टअपची सोळा वर्षं वाटतात. दोघांचंही बरोबर आहे असं आई म्हणाली, आई कायम असंच म्हणते.

तर २००९ साली मी आणि पार्टनरने नोकऱ्या सोडून नारायण पेठेत एका झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या घेतल्या. आयडिया अशी की शेतकऱ्याला रोज सकाळी मोबाईलवर बाजारभाव पाठवायचा. रॉयटर्स न्यूज एजन्सीवाल्यांनी २००७ मध्ये महाराष्ट्रातच अशी मेसेजची सर्व्हिस काढली होती, आम्हाला वाटलं साहेबांना जमतं तर आपल्याला का नाही, आपला तर सख्खा काका विंचूरला कांदा लावतो आणि विंचूरपासून लासलगाव किती, टाकलेल्या दगडावर! सुरुवात कांद्यापासून करायची, मग द्राक्षं, डाळिंब, टोमॅटो, मग भारत. पहिला गिऱ्हाईक अर्थातच काका. महिन्याला ३० रुपये ठरले, ते काकांनी अजून दिलेले नाहीत.

पहिलाच दणका मराठीने दिला. एसएमएस इंग्रजीत असला तर १६० अक्षरं मावतात, देवनागरीत लिहिला की फक्त ७०, आणि त्यातही काना, वेलांटी, अनुस्वार सगळ्यांना वेगळी जागा लागते. नुसत्या 'क्विंटल' शब्दाला ७ जागा जातात, मी बोटांवर मोजल्यात. ७० च्या वर एक टिंब जरी गेलं की दोन मेसेजचे पैसे. मग आम्ही दोघं शिकले-सवरलेले इंजिनियर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसून 'उन्हाळ कांदा किमान कमाल सरासरी' याची काटछाट करायचो, पार्टनर एकेका वेलांटीसाठी असा भांडायचा की त्याच्या शाळेतल्या बाईंनी ऐकलं असतं तर धन्य झाल्या असत्या. एवढं करून पाठवला मेसेज आणि काकांचा फोन आला, "अरे नुसते चौकोन चौकोन आलेत, लॉटरी लागली का काय?" त्यांच्या हँडसेटमध्ये देवनागरी नव्हतीच.

मग इंग्रजी अक्षरात मराठी. त्यावर काका म्हणाले, "मला वाचायला येत नाही ते, मी चहाच्या टपरीवर पोराकडून वाचून घेतो, पण तोपर्यंत अख्ख्या टपरीला भाव कळतो आणि पैसे मात्र तू माझ्याकडे मागतो."

आणि खरी गोष्ट तर पुढेच आहे. एकदा विंचूरला गेलो असताना सकाळी काकांचा फोन दोनदा वाजून बंद पडला. काका उठले, ट्रॅक्टर काढला. मी म्हणलं उचलला का नाही? तर म्हणाले, "बाळूचा मिस कॉल. एक वाजला तर भाव पडलाय, कांदा चाळीतच राहू दे. दोन वाजले तर घेऊन ये." खर्च शून्य, अक्षरं शून्य, भाषेचा प्रॉब्लेम नाही, नेटवर्कची एक दांडी पुरते. हा बाळू कोण म्हणून चौकशी केली तर तो आमचाच निघाला! लासलगावच्या लिलावात उभं राहून भाव कळवायला आम्ही महिना १५०० रुपयांवर जो पोरगा ठेवला होता तोच. तो आधी काकांना मिस कॉल द्यायचा, मग चहा प्यायचा आणि मग आम्हाला कळवायचा. पुढे २०१५ च्या जानेवारीत बंगळुरूची मिस कॉलवर चालणारी झिपडायल कंपनी ट्विटरने विकत घेतल्याची बातमी वाचली तेव्हा मला पेपर खाली ठेवून पाणी प्यावं लागलं. ती कंपनी माझ्या काकांच्या अंगणात रोज सकाळी चालू होती आणि मी तिला 'स्केलेबल नाही' म्हणलं होतं.

मेसेज स्वस्त पडावेत म्हणून आम्ही एका मॉडेमला पाच सिमकार्डं लावून धंदा चालवायचो, तर २०११ च्या सप्टेंबरात ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने, फर्मान काढलं, एका सिमवरून दिवसाला १०० च मेसेज. नोव्हेंबरात २०० केले, पण तोवर आमची पाच सिमं आणि ७०० मेंबर यांचं गणित पार्टनरने भिंतीवर पेन्सिलीने मांडून ठेवलं होतं, ते अजून भिंतीवर आहे, सुटलेलं नाही.

मेसेजचं जाऊ दे म्हणून ॲप काढलं. तेव्हाचं ॲप म्हणजे जावा. खणातले निम्मे फोन त्या काळातले, कारण प्रत्येक हँडसेटचा स्क्रीन वेगळा, बटणं वेगळी, एकावर चालतं ते दुसऱ्यावर नुसतं पांढरं फटक. नोकियाच्या काही मॉडेलवर तर ॲप ६४ केबीच्या वर गेलं की चढायचंच नाही. आज मावशीचा गुड मॉर्निंगचा एक गुलाब त्याहून मोठा असतो! त्या ६४ केबीत आम्ही अख्खी बाजार समिती बसवली होती, याचं कौतुक कोणाला सांगणार? आणि ॲप उघडलं की फोन दरवेळी विचारायचा, इंटरनेट वापरू का. काका दरवेळी 'नाही' दाबायचे. "का दाबता?" "अरे विचारतोय म्हणजे बॅलन्स कापणार. न कापणारा विचारत नाही."

यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

मग ट्रेंड. स्टार्टअप चालवणाऱ्या माणसाला ट्रेंडकडे लक्ष ठेवावं लागतं असं सगळे सांगतात, आम्ही तर डोळ्यात तेल घालून ठेवलं. पार्टनरने सहा महिने खपून सिम्बियनचं, म्हणजे नोकियाच्या स्मार्टफोनमधल्या सिस्टिमचं, ॲप पुरं केलं आणि ११ फेब्रुवारी २०११ ला नोकियाने जाहीर केलं की आता आम्ही विंडोज फोन करणार. पार्टनर दोन दिवस घरीच गेला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "नोकिया जिकडे जाईल तिकडे आपण." गेलो. विंडोजवर आमचं ॲप ११ जणांनी घेतलं, त्यातले ९ ऑफिसातले, एक पार्टनरची बहीण आणि एकाचा आजवर पत्ता लागला नाही. त्याला भेटायची फार इच्छा आहे.

शेवटी अँड्रॉइडवर आलो. कीपॅडचा जमाना गेला म्हणून २०१७ च्या मे महिन्यात पार्टनरने जुना सगळा कोड डिलीट केला, पेढे वाटले. जुलैमध्ये जिओफोन जाहीर झाला. कीपॅडवाला! १५०० रुपये डिपॉझिट. काकांनी लगेच घेतला, आणि फोन करून विचारलं, "तुमचं ते बटणांवरचं ॲप होतं ना, ते टाकून दे यात." पार्टनरने हातातला पेढा खाली ठेवला. (हे जरा वाढवून सांगतोय, पेढे तोपर्यंत संपले होते.)

तोवर एक गोष्ट मात्र खरंच बदलली होती. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, आधी डिसेंबरपर्यंत फुकट मग मार्चपर्यंत फुकट, आणि जो माणूस बॅलन्स कापेल म्हणून 'नाही' दाबत होता तो रात्री बारापर्यंत गॅसवर मिसळ कशी करतात ते बघायला लागला. मला वाटलं आता आपला दिवस आला, पण काका म्हणाले डेटा ॲपवर कशाला घालवू.

पुढचे ट्रेंड मी भराभर सांगतो कारण ते आलेही तसेच आणि गेलेही तसेच. एका गुंतवणूकदाराने सगळं प्रेझेंटेशन शांतपणे ऐकून विचारलं, "यात ब्लॉकचेन कुठंय?" आम्ही पुढच्या मीटिंगला एक स्लाईड टाकली, साखळीचं चित्र होतं, सायकलची साखळी होती ती. २०२१ च्या ऑक्टोबरात फेसबुकने नाव बदलून मेटा केलं तेव्हा पार्टनर गंभीरपणे म्हणाला की शेतकरी आभासी जगाचा चष्मा लावून घरबसल्या लिलावात उभा राहील. मी म्हणलं काकांना मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलंय, आधी ते होऊ दे.

आणि आता एआय. एआय नसलेल्या कंपनीच्या फोनला आजकाल कोणी भाव देत नाही, आणि आम्ही सोळा वर्षं भाव देतोय तरी आम्हाला कोणी देत नाही हा वेगळा विषय. बसवलं आम्हीही. काकांना म्हणलं बोला याच्याशी, मराठी कळतं. काकांनी विचारलं, "उद्या कांदा नेऊ का?" त्याने छान शुद्ध मराठीत सांगितलं की कांद्याचा भाव आवक, साठवणूक, निर्यात धोरण, हवामान अशा अनेक घटकांवर अवलंबून असतो. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तर आमचे पुढारी पण सांगतात. नेऊ का नको ते विचार." तेवढ्यात त्यांचा फोन दोनदा वाजून बंद पडला.

असो, तर खण. मी एकेक फोन हातात घेऊन आठवणी काढत बसलो होतो तेवढ्यात गल्लीत मोटरसायकलवरून भोंगा आला, "जुने, फुटलेले, बंद पडलेले मोबाईल द्या, टब घ्या, बादली घ्या." बायकोने खिडकीतूनच त्याला थांबवलं. पंचविशीचा पोरगा, गाडीच्या दोन्ही बाजूंना रंगीत टबांचे डोंगर. त्याने माझी सोळा वर्षं फरशीवर पसरली आणि फटाफट दोन ढीग केले. विंडोजवाले फोन कोणत्या ढिगात गेले ते सांगत नाही. मी म्हणलं, "किमतीचं कसं ठरवतोस रे? कुठल्या फोनला किती?"

"ग्रुप आहे ना साहेब," त्याने खिशातला फोन दाखवला, "रोज सकाळी सात वाजता भाव येतो. कीपॅडचा वेगळा, टचचा वेगळा, आतल्या प्लेटचा वेगळा. त्याच्या बाहेर आपण जात नाय."

मी तो मेसेज वाचला. काना-मात्रा सगळं जागच्या जागी होतं, कुठे काटछाट नाही, पार्टनरला फोटो काढून पाठवावा असं वाटलं.

"आणि या ग्रुपचे महिन्याला किती देतोस?"

त्याने टब सोडवता सोडवता मान वर केली. "भावाचे कोण पैसे देतं साहेब?"

२९ फोनचे मिळून एक मोठा निळा टब आणि दोन मग आले. बायको म्हणाली टब चांगला आहे, कांदे ठेवायला होईल.