दरड काय आज पहिल्यांदा कोसळली?

डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. दर पावसाळ्यात तेच. तिकडे कोकणात दरड येते आणि इकडे खान्देशात आमच्या फलाटावर भोंगा ओरडतो, गाडीचा मार्ग बदलला आहे, गैरसोयीबद्दल खेद आहे. झालं. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

लोक विचारतात, तुला तापीकाठच्या माणसाला कोकणच्या रुळांचं काय पडलंय? अरे बाबांनो, कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत जाऊन बघा, आपल्याकडची किती पोरं गुरुजी म्हणून लागलीत. माझा धाकटा भाऊ त्यातलाच, चिपळूणकडे असतो. उत्तरेकडून येऊन खान्देशातून कोकणात उतरणारी गाडी हीच त्याची घराची वाट.

गेल्या पावसाळ्यात भावजयीचं दुसरं बाळंतपण तिकडेच करायचं ठरलं. आई निघाली. वय 66. डिंकाच्या लाडवांचा डबा, त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा घट्ट बांधलेला, पिशवीत कळण्याच्या भाकरी. डबा मांडीवरून खाली ठेवायला तयार नाही. रात्री दोन वाजता कळलं, गाडी वळवली. खिडकीवर गेलो. म्हटलं, कल्याणपर्यंत तरी जाते का, तिथून एसटी धरू. "वरून काही कळवलेलं नाही." मग विचारायचं कुणाला? "ते आम्ही कसं सांगणार?" मागे आई उभी. "आते काय करानं रे?" एवढंच म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्याच्याकडे असायला हवं होतं त्याने खिडकी लावून घेतली.

आणि वर म्हणायचं काय? नैसर्गिक आपत्ती! हा शब्द ऐकला की माझं रक्त खवळतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या जळगावात जेमतेम 700. हे काय कालच कळलं? डोंगर निसर्गाने नाही कापला, रूळ टाकायला माणसाने कापला. कापलेल्या जांभ्या दगडाच्या आणि मातीच्या उतारात पाणी मुरतं, माती फुगते, जड होते आणि सुटते. माथ्यावरचे चर पावसाआधी उपसले, उतार अडवायला बांधलेल्या भिंतीतली पाणी जायची भोकं मोकळी ठेवली, उताराला पायऱ्या दिल्या, जाळ्या मारल्या, तर बराच डोंगर जागेवर राहतो. भोकं बुजली की तीच भिंत पाण्याच्या दाबाने अंगावर येते.

हे शिकायला माणसं मेलीत हो. 22 जून 2003, वैभववाडीजवळ सुट्टीची विशेष गाडी रुळावर आलेल्या दगडमातीवर आदळली, 50 वर जीव गेले. पुढच्याच वर्षी 16 जूनला महाडजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर धडकून पुलावरून खाली गेली. त्यानंतर कामं झाली, हे मी नाकारत नाही. उतार कमी केले, जाळ्या लागल्या, मुसळधार पावसात वेग ताशी 40 किलोमीटरवर आणतात, पावसाळ्याचं वेगळं वेळापत्रक असतं. आणि रात्री-बेरात्री कंदील-बॅटरी घेऊन रुळांवरून चालत जाणारे ते गस्तीवाले! त्यांच्या जिवावर आपण डब्यात झोपतो. त्यांच्याबद्दल एक वाकडा शब्द मी ऐकून घेणार नाही.

पण जुलै 2024 मध्ये खेडजवळ दिवाणखवटीच्या बोगद्यापाशी दरड आलीच ना? एक दिवस सगळं ठप्प. तेव्हा अडकलेल्यांसाठी एसटी सोडल्या होत्या. म्हणजे जमतं! मग ते दर वेळी आधीपासून ठरलेलं का नसतं?

आणि आपल्या घरचं काय? 2021 च्या ऑगस्टअखेर संभाजीनगरच्या वाटेवरच्या कन्नड घाटात जागोजाग दरडी कोसळल्या, चाळीसगावात तितूर नदीचं पाणी घरात शिरलं. आजारी माणूस संभाजीनगरला न्यायचा तर कोणत्या रस्त्याने, हे सांगायला कुणी नव्हतं. रूळ असो की रस्ता, आमच्या नशिबी तीच बंद खिडकी.

आई शेवटी पुण्याला गेली, तिथून एसटीने कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. दीड दिवस. पोहोचली तेव्हा पोरगी जन्माला येऊन नऊ तास झाले होते. लाडू पावसाच्या दमटपणाने बसले होते, त्यावर रडली. आणि तिकिटाचे पैसे? गाडी रद्द नव्हती, वळवलेली होती, म्हणून ते आपोआप येत नाहीत, टीडीआर, म्हणजे परताव्याचा अर्ज, भरा म्हणे. 66 वर्षांच्या बाईने टीडीआर भरायचा!

पोरीचा पहिला वाढदिवस आता जुलैतच येतोय. आईचं तिकीट काढलंय. दरड आली तर गाडी वळवा, जीव आधी, मान्य आहे. पण आम्हाला आदल्या स्टेशनावर सांगा, कल्याणला उतरवा आणि बाहेर चिपळूणची एसटी उभी ठेवा.