दोघांनी बसायचं कुठे?

दुपारपासून डोकं तापलंय. हे म्हणाले पड जरा, पण झोप कसली येतेय. लिहून मोकळी होते, लांबलं तर लांबलं.

आज आम्ही दोघं शहरातल्याच एका जुन्या बागेत गेलो होतो. नाव घेत नाही, कारण हा प्रकार एकाच बागेत होतो असं नाही, तुम्ही सगळ्यांनी कुठे ना कुठे बघितलाय. नेहमीसारखा डबा, पाण्याची बाटली, ह्यांची टोपी. समोरच्या झाडाच्या पारावर एक मुलगा आणि मुलगी बसले होते, पंचविशीचे असतील. स्टीलच्या डब्यातून पोळीचे रोल काढून खात होते आणि ती झाडावरच्या पाटीवरचं नाव वाचून त्याला काहीतरी समजावून सांगत होती. एवढंच चाललं होतं, शपथ घेऊन सांगते. आणि शिट्टी. गार्ड लांबूनच हातवारे करत आला, "चला उठा, जोडप्यांनी बसायचं नाही इथे." मुलगा म्हणाला, आमचं लग्न झालंय हो. तर गार्ड म्हणतो, "सगळे हेच सांगतात." मग त्या मुलीने रोल डाव्या हातात धरला आणि उजव्या हाताची बोटं कुर्त्याच्या गळ्यात घालून मंगळसूत्र बाहेर ओढून त्याला दाखवलं. एसटीत कंडक्टरला पास दाखवावा तसं.

मी उठलेच. हे "जाऊ दे ना" म्हणत होते पण मी गेले. म्हटलं, आम्ही पण जोडपंच आहोत, पाऊण तास बसलोय, आम्हाला का नाही उठवलंत? तर म्हणाला, "तुमचं वेगळं आहे मावशी." काय वेगळं आहे? केस पांढरे झालेत एवढंच ना? तोवर ती दोघं डबा बंद करून निघून पण गेली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि का बघावं.

हो, काही जण भिंतींवर नावं कोरतात, झाडामागे नको ते करतात, मान्य. त्यांना धरा ना मग, दंड करा, कोणी अडवलंय. आणि तो गार्ड तरी काय करणार, कंत्राटावरचा माणूस, दिवसभर उन्हात उभा, वरून ऑर्डर आलेली. माझा राग ऑर्डर काढणाऱ्यावर आहे. दोन माणसं शेजारी शेजारी बसली की काहीतरी वाईट चाललंय असं ज्याला आपोआप वाटतं, त्या डोक्यावर आहे.

आता तुम्हाला मेणवलीची गोष्ट सांगते, त्याशिवाय मला एवढं का लागलं ते कळणार नाही.

आमचं लग्न झालं १९८८ साली. सदाशिव पेठेत वाड्यात दोन खोल्या आणि माणसं आम्ही नऊ. मधल्या दाराला पडदा. लग्नाला कितीतरी महिने झाले तरी ह्यांच्याशी सलग दहा मिनिटं बोलले नव्हते मी. कुठे बोलणार? नळावर शेजारणी, जिन्यात पोरं, रात्री पडद्यापलीकडे सासूबाई आणि वन्सं. सारसबागेत गेलो तर ओळखीचं कोणीतरी भेटणारच आणि आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचणार. मग एका रविवारी ह्यांनी सासूबाईंना सांगितलं, वाईच्या ढोल्या गणपतीला जाऊन येतो, नवस आहे. नवस कसला, काही नव्हता. सासूबाईंनी दशम्या आणि लसणाची चटणी बांधून दिली. स्वारगेटहून एसटी, वाईला उतरलो, दर्शन घेतलं, ते मात्र अगदी नीट घेतलं, आणि मग हे म्हणाले इथून जवळच मेणवली आहे, नाना फडणविसांचा वाडा, चालत जाऊ.

मी तोपर्यंत वाडा म्हणजे गळकी कौलं, सार्वजनिक संडास आणि मालकाशी भांडणं एवढंच समजत होते. मेणवलीचा वाडा सहा चौकांचा आहे. एका चौकातून दुसऱ्यात गेलं की उजेड बदलतो, पाय गार पडतात. ह्यांनी मला एका खांबापाशी वाकून दाखवलं, हे बघ, सागवानी खांब सरळ जमिनीत नाही गेलेला, खाली दगडी तळखडा आहे, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवी लागत नाही. मग बोट वर करून कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेलं छत, दाखवला. मला खांबापेक्षा ह्यांचाच चेहरा बघावासा वाटत होता, कारण हा माणूस एवढं बोलतो हेच मला माहीत नव्हतं!

तिथे एक म्हातारे गृहस्थ होते, राखणीला. त्यांनी तांब्यात पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "घाटावर बसा निवांत, ऊन उतरलं की निघा." लग्नाचं विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, काही नाही. बसा निवांत. आज त्या शिट्टीनंतर मला पहिल्यांदा तेच आठवले.

त्यानंतर आम्ही जी सवय लावून घेतली ती आजतागायत. सकाळी निघायचं, एखादा वाडा नाहीतर जुनी बाग बघायची, तिथेच कुठेतरी बसून डबा खायचा, संध्याकाळी घरी. मुक्काम नाही, हॉटेल नाही. मुलं लहान होती तेव्हा खंड पडला, मग परत सुरू. नातेवाईक अजून विचारतात, दोघंच? करमतं का? पडक्या भिंती काय बघायच्या? आणि आपल्याकडे सहल म्हटली की बस पाहिजे, अंताक्षरी पाहिजे, चाळीस डोकी पाहिजेत. ग्रुपने जायची मजा वेगळी असते, नाही म्हणत नाही. पण चाळीस जणांत तळखडा कोणी बघत नाही. बाहेर बस हॉर्न वाजवत असते.

जुनं घर दोघांनीच बघावं असं माझं ठाम मत आहे. एकट्याने गेलं तर बघितलेलं सांगायला कोणी नसतं. दोघं असलं की एकाला कोनाडा दिसतो, दुसऱ्याला बळद, म्हणजे भिंतीतली धान्याची कोठी. मला प्रत्येक घरात स्वयंपाकघर कुठे असेल, धूर कुठून जात असेल, बायका बाहेरच्यांना न दिसता चौक कुठून बघत असतील हे शोधायचं असतं, ह्यांना लाकूड आणि जोड. आणि असं बघता बघता स्वतःचं बोलणं निघतं. घरी समोरासमोर बसून निघत नाही ते.

मेणवलीतच बघा. नाना १८०० साली गेले तेव्हा त्यांच्या पत्नी जिऊबाई अगदी लहान होत्या. पुढे बरीच फरफट झाल्यावर त्या मेणवलीलाच येऊन राहिल्या. पहिल्या वेळी मला यातलं काही ठाऊक नव्हतं, नंतर कळलं, आणि आता तिथे गेलं की मला नानांपेक्षा त्याच जास्त आठवतात. एवढे सहा चौक आणि जोडीचं माणूस नाही.

आगाखान पॅलेसला गेलाय ना सगळे? शाळेच्या सहलीत, रांगेत, बाईंचा ओरडा खात. आता मोठेपणी दोघांनी जा. १९४२ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना तिथे आणून ठेवलं, आठवड्याभरात त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले, आणि २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या, त्याच घरात, बापूंच्या मांडीवर. साठ वर्षांहून जास्त संसार, त्यातली शेवटची दीड-पावणेदोन वर्षं तिथे कैदेत. महाल केवढा आणि त्यांच्या खोल्यांतलं सामान किती थोडं. मागे बागेत समाध्या आहेत. आम्ही गेलो होतो तेव्हा ह्यांनी तिथे काही न बोलता माझी पर्स स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि बाहेर पडेपर्यंत तशीच ठेवली. तिथे आम्ही बराच वेळ बसलो होतो, कोणी उठवलं नाही, हेही सांगायला पाहिजे.

आणि राजा केळकर संग्रहालय! पुणेकरांनो, पाहुणे आले की दाखवायला जाता तेवढंच. दिनकर केळकर आणि कमलाबाई, दोघांनी मिळून उभं केलंय ते. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने. दिवे, अडकित्ते, वज्र्या, वाड्यांचे कोरीव दरवाजे, लोक फेकून देत होते त्या वस्तू गावोगाव फिरून गोळा केल्या आणि १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. एका जोडप्याने घरोघरचं मोडकं सामान आयुष्यभर बघत फिरायचं, म्हणून आज आपल्याला आपल्या आज्या कशाने अंग घासायच्या ते दिसतं. त्यांनाही तेव्हा कोणीतरी विचारलंच असेल, काय हे वेड.

विश्रामबागवाड्याचं तर मला रडूच येतं. दुसऱ्या बाजीरावाचा वाडा, सुरूच्या आकाराचे कोरीव खांब, आणि समोरून रोज हजारो माणसं तुळशीबागेत क्लिपा घ्यायला जातात, मान वर करून त्या सज्जाकडे बघत नाहीत. आमचा पेठेतला वाडा पाडला तेव्हा खांब लाकूडवाल्याने टेम्पोत घालून नेले. मला सुटल्यासारखं झालं होतं, खरं सांगते, स्वतःचा संडास मिळणार होता. हे मात्र दोन दिवस नीट जेवले नाहीत. तळखडे तिथेच राडारोड्यात गेले.

लिंबची बारामोटेची विहीर बघितली नसेल तर साताऱ्याला जाताना वाट वाकडी करून जाच. १७१९ ते १७२४ मध्ये साताऱ्याच्या शाहू महाराजांच्या घरातल्या विरूबाईंनी बांधून घेतली, आमराईला पाणी द्यायला. विहिरीच्या आतच महाल आहे, उन्हाळ्यात तिथे जो गारवा असतो तो कुठल्या एसीत नाही. तिथेही आम्ही डबा खाल्लाय, बाहेर झाडाखाली. शेजारी कॉलेजची दोन पोरं-पोरी होती, त्यांनी आमची चटणी घेतली, आम्ही त्यांचे वेफर्स. कोणाचं काय बिघडलं?

परत मेणवलीवर येते, कारण मुख्य गोष्ट अजून सांगितलीच नाहीये. घाटावर त्या दिवशी आम्ही बसलो, मेणेश्वराच्या देवळाच्या बाजूला. वसईच्या लढाईनंतर आणलेली म्हणतात ती मोठी घंटा बघून झाली होती, दशम्या खाऊन झाल्या होत्या. हे म्हणाले, मला बँकेत जायचं नव्हतं ग, मला घरं बांधायची होती, पण बाबा गेले आणि राहिलं. मी म्हटलं, माझं बीए शेवटच्या वर्षाला सुटलंय. हे म्हणाले, मग फॉर्म भर, आईला मी सांगतो. बस्स, तीन वाक्यं. माझं बीए, बीएड, पुढे शाळेतली सगळी नोकरी, माझं पेन्शन, सगळं त्या पायरीवर ठरलं. तेव्हा तिथे कोणी शिट्टी वाजवली असती तर आम्ही उठून गेलो असतो, तोंडं पाडून परतीच्या एसटीत बसलो असतो आणि एसटीत हे ते बोलले नसतेच.

म्हणून मला त्या मुलीचं मंगळसूत्र जात नाहीये डोळ्यांसमोरून. आणि झालं नसतं त्यांचं लग्न तर? तर काय? लग्न करायचं की नाही हे ठरवायला तरी दोघांनी कुठेतरी बसायला पाहिजे ना, का तेही आईवडिलांच्या हॉलमध्ये पोह्यांच्या डिशसमोर ठरवायचं? कॅफेत बसायला पाचशे रुपये लागतात, सगळ्यांकडे नसतात. घरं आजही लहानच आहेत. बाग सार्वजनिक आहे, वाडे आपल्या सगळ्यांचे आहेत म्हणतो ना आपण भाषणात?

सासूबाई गेल्या त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी त्यांचे पाय चेपत होते, तर अचानक म्हणाल्या, "नवसाचं मला काय खरं वाटलं होतं होय? मुद्दाम चार दशम्या जास्त घातल्या होत्या, उशीर होणार म्हणून." आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "आम्ही दोघं कधी कुठे गेलो नाही. पर्वतीलासुद्धा नाही." पेठेतून पर्वती किती लांब आहे? अख्खा संसार केला त्यांनी. सासरे काय बोलायचे असं विचारलं तर म्हणाल्या, "माहीत नाही ग."

आता परत राग आला. असो, नाही, असो कसलं.

उद्या सकाळी मी त्या बागेच्या ऑफिसात पत्र देणार आहे. हे सुवाच्य अक्षरात लिहून देणार आहेत. मजकूर साधा आहे: बसलेल्या माणसांना लग्नाचं, नात्याचं, वयाचं काही विचारायचं नाही. शिट्टी बाग बंद करायच्या वेळेला वाजवायची, नाहीतर कोणी झाडाला चाकू लावला तर. पाराजवळ दोन बाकं टाकायची. पिण्याचं पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ संडास, तो आता नाहीये. झाडांच्या निम्म्या पाट्या गंजल्यात, त्या परत रंगवायच्या, कारण त्या वाचणारी माणसं येतात, मी आज बघितलंय.

खाली सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये पूर्ण नाव टाका, रात्री दहापर्यंत. माझ्या वयाच्यांनी टाकाच, पण पंचविशीतल्यांनी आधी टाका. आणि ती दोघं तुमच्या ओळखीची असतील तर त्यांना हे दाखवा, म्हणावं पुढच्या रविवारी आम्ही त्याच पारावर आहोत, सकाळी दहाला, डबा घेऊन या.